अय्यरांचा हात वाळेपर्यंत

मेसचे किस्से सांगायला बसलो की आमच्या घरचे उठून जातात. त्यांना ते पाठ झालेत. तुम्ही नवीन आहात, तेव्हा तुमची सुटका नाही! तीन मुलखांतली माणसं एका चुलीवर जेवली की किस्से आपोआप साठत जातात.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला, त्यामुळे बुलढाण्याच्या कचेऱ्यांत कुठकुठली माणसं बदलून येत. घोषबाबू बंगालचे, रस्त्यांचे ओव्हरसियर. अय्यर मद्रासकडचे, तार ऑफिसात. मी साताऱ्याचा, हायस्कुलात मास्तर. आणि आम्हाला जेवू घालणाऱ्या गोदाबाई जवळच्याच उंद्री गावच्या. पन्नाशीच्या विधवा, आवाज खणखणीत. त्यांचा हट्ट एकच: प्रत्येकाला महिन्यातून एकदा त्याच्या घरचं जेवण मिळालंच पाहिजे. आणि बाईंनी उंद्रीबाहेर चिखली-बुलढाणा तेवढं पाहिलेलं!

*

पुरुषाला कृती विचारायची नाही, हा त्यांचा नियम. "तुमाले काय मालूम? तुमी फक्त गिळलं!" त्या चौकशी करत ती हाताची. "मास्तर, जेवल्यावर हात कसा दिसे? पिवळा का लाल?"

"लाल. आणि मिरचीच्या बिया चिकटलेल्या असायच्या," मी म्हणालो.

"मंग तुमची माय मिरची दळत नव्हती, कुटत होती."

खरंच, आईचा खलबत्ता माझ्या डोळ्यांसमोर आला!

*

घोषबाबूंना मोहरीतला मासा हवा होता. "मासा माह्या चुलीवर चढणार नाही," बाईंनी बजावलं आणि मोहरी वाटून तिच्यात कच्च्या केळ्याचे काप सोडले.

पहिल्याच घासाला घोषबाबूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मायची आठवण आली, का मोहरी चढली?"

"आत्ताच सांगता येत नाही," घोषबाबू नाक पुसत म्हणाले. "आणखी वाढा, म्हणजे कळेल!"

*

भिंतीपलीकडे रहिमतबी राहत, बांगड्या विकणाऱ्या. त्यांच्याकडून दालच्याचा वास यायचा. गोदाबाई पलीकडचं शिजलेलं खात नसत, पण भिंतीवरून विचारायला कोणाची बंदी? "रहिमतबी, यातलं मटण काढलं तं मागं काय राह्यते?"

"फिर तो दाल और दुधी बचती है, बाई!"

"तेवढ्यात भागवतो मी."

पुढच्या शुक्रवारी रहिमतबीच भिंतीशी आल्या. "गोदाबाई, क्या डाला इसमें? मेरे से अच्छा बास आ रहा!"

"सांगत नाही जा. मी नाकानं शिकलो, तुमी बी शिका!"

*

बाईंचं अडलं ते अय्यरांपाशी. काहीही वाढा, ते पडेल आवाजात "फर्स्ट क्लास" म्हणत आणि लगेच हात धुवायला उठत. ट्रान्सफरचा अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता. मला दाखवलाही.

बाईंनी हाताची चौकशी केली, तेव्हा अय्यर म्हणाले, "घरी कोणी हात धुवायला उठतच नसे. बोलत बसायचो. हात वाळून जायचा."

अय्यर गेल्यावर बाईंनी आम्हा दोघांसमोर नेम धरला. "याचा हात माह्या घरी वाळंल, त्याच दिवशी मी चहा पिईन! अन् त्याले सांगसान तं याद राखा. मुद्दाम बसून राहीन तो."

चहा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. दिवसातून चारदा लागायचा.

*

पहिलं सांबार वऱ्हाडी काळ्या मसाल्याचं झालं. अय्यर तांब्याभर पाणी प्यायले, "फर्स्ट क्लास" म्हणाले, उठले.

मग बाईंनी देऊळगाव राजाच्या बालाजीला गेलेल्या माणसाकडून प्रसादाचे नारळ आणवले. ओलं खोबरं वाटलं. "फर्स्ट क्लास." उठले.

चिंच वाढवली, तिखट कमी केलं, तिळाचं तेल घातलं. उठले!

चहावाचून बाईंचं डोकं ठणकायचं आणि बोलणी आम्ही खायचो. शेवटी घोषबाबूंनी हात जोडले. "बाई, एक कप घ्या. आमच्यासाठी घ्या!"

"नाही म्हंजे नाही. त्याची माय बी दोन हातांनीच रांधत होती ना? मंग मले काऊन नाही जमणार?"

*

अय्यरांचा अर्ज सोमवारी जायचा होता. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, बाईंनी अय्यरांना चुलीसमोर बसवलं. "बाबू, ताटात पयले काय वाढे तुही माय?"

अय्यर चुलीकडे बघत म्हणाले, "ताट नसायचं. आम्ही सात भावंडं. अम्मा एका मोठ्या भांड्यात भात कालवायची, आम्ही भोवती बसायचो. ती एकेकाच्या तळहातावर गोळा ठेवायची."

"अन् हे तू आज सांगून राह्यला!"

दुपारी ताटं मांडलीच नाहीत. परातीत भात आणि कालपरवा केलं होतं तसंच सांबार. बाई मधे बसल्या. "हात पुढं करा." ओव्हरसियर, मास्तर, तारबाबू, तिघांनीही तळहात पसरले.

अय्यरांनी पहिला गोळा खाल्ला आणि हात पुन्हा पुढे केला. मग पुन्हा. "फर्स्ट क्लास" काही आलं नाही. परात रिकामी झाली.

घोषबाबू आणि मी हात धुऊन आलो. अय्यर जागेवरच होते. मोडक्यातोडक्या मराठीत धाकट्या बहिणीच्या खोड्या सांगत होते, सांगता सांगता हसत होते. उजवा हात गुडघ्यावर तसाच. बोटांवरची शितं वाळून पांढरी झाली होती.

गोदाबाई त्या हातावरून नजर काढेनात. मान न वळवताच त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, आधण ठेवा."