आडनाव आईचं, देवक बापाचं

आमची आई भांडताना हातातलं काम थांबवायची नाही. जात्यावर बसलेली असली, तर दळता दळताच समोरच्याला गप्प करायची. तिची काडीमोड झाली तेव्हाही म्हणे ती माझी वेणी घालत बसली होती. पंचांनी वाळली काडी मोडून नवरा-बायको वेगळे केले आणि माझे वडील म्हणाले, "पोरगी ने, पण आमचं आडनाव लावायचं नाई."

"तुमचं आडनाव काय सोन्याचं हाय? ठेवा उतरंडीत झाकून!" असं म्हणून आई मला घेऊन रिठदला मामाकडे आली.

शाळेत तिने मला माहेरचं आडनाव लावलं. मास्तर म्हणाले, असं कुठं असतं का सुभद्राबाई? तर म्हणे, "पोसून मी राह्यली, तं नाव काय गाव लावन?"

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होतं, आणि काडीमोड झालेल्या बाईच्या लेकीला स्थळ मिळणं महाकठीण. मी सोळाची झाले तसा मामाने डाव टाकला. आडनाव एकच, तेव्हा मला आपलीच मुलगी म्हणून दाखवायची. आई झाली माझी आत्या! आईने सुपातलं दळण संपवलं. मग म्हणाली, "पोरीचं भलं होत असन, तं आत्या काय, मोलकरीन म्हनून उभी राहीन." मला तिचा असा संताप आला, की मी जेवलेच नाही.

मंगरूळपीरकडचे पाहुणे आले. मुलगा उंच, लाजरा. खोटं कशाला सांगू, मला आवडला. कुंकू लावायचं ठरलं, ताट आलं, आणि मुलाच्या काकांनी विचारलं, "देवक कोनतं तुमचं? आमचं कळंबाचं."

देवक म्हणजे कुळाचं झाड. एका देवकाची मुलं भाऊ-बहीण. त्यांचं लग्न म्हणजे पाप.

"आमचं वडाचं," मामा म्हणाला. मामाचं वडाचंच होतं. माझ्या वडिलांचं मात्र कळंबाचं, आणि हे त्या घरात फक्त मामाला आणि आईला ठाऊक होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मामाने तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कोणी असती तर आत पळाली असती. काकांनी करंडा उघडला. आई तरातरा आली आणि माझ्या कपाळावर तिने आडवा हात धरला.

"थांबा. पोरीचं देवक कळंबाचं हाय."

"आक्के, आत हो!" मामा ओरडला.

"काहून? आडनाव म्या देल्लं, पन देवक तं बापाचंच राह्यते. त्या मानसाचं काही नको होतं मले. पन रगत कसं बदलू?" मग ती पाहुण्यांकडे वळली. "मी हिची आत्या नाई. माय हाय. माही काडीमोड झाली हाय. आता काय बोलाचं थे मले बोला."

काकांनी करंडा झाकला. चहा तसाच ठेवून माणसं उठली.

"हिले आता कोन करन?" मामाने कपाळावर हात मारला. कितीतरी दिवस तो आईशी बोलला नाही. मीही बोलले नाही.

त्यानंतर बरीच वर्षं स्थळ आलं नाही. आलं ते कारंजाकडचं, सगळं माहीत असून आलेलं. पण लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात आई तापाने गेली. कन्यादानाला मामा बसला. भटजींनी मुलीच्या वडिलांचं नाव विचारलं.

"सुभद्रा," मामा म्हणाला.

भटजी थबकले. "अहो, बापाचं विचारून राह्यलो."

"थेच सांगून राह्यलो," मामा म्हणाला.