झाकून वाळवलेली काच

काचा धुण्यात मावशीचा हात धरणारं त्या प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. अकरा वर्षं ती नखाएवढ्या काचा धूत होती. प्रत्येकीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांची जाळी. त्यावर प्लास्टिकच्या जातीतलं पिवळसर द्रावण टाकून काच गरगर फिरवली, की केसाहून कितीतरी पातळ थर बसे. तो बसवून वाळवायचं कामही तिचंच. मग संशोधन करणाऱ्या मॅडम ती काच आतल्या खोलीत नेत आणि तिच्यातून लेझरचा किरण काढत. मावशीने तो कधी पाहिला नव्हता. आत तिचं काय काम?

अडचण एकच होती. किरण निघायला काचेवर इतका जोराचा उजेड सोडावा लागे, की थरच जळून जाई. कमी उजेडात जमलं नाही, तर महिनाअखेर खोली संशोधकांच्या दुसऱ्या गटाला जाणार होती.

सोमवारच्या एका काचेने कमाल केली. निम्म्या उजेडातच तिने किरण दिला. मॅडमनी लगेच तशाच वीस काचा स्वतःच्या हातांनी केल्या, पण एकही दाद देईना. चार दिवसांत त्यांचा चेहरा एवढासा झाला.

इकडे मावशी एक गोष्ट लपवून होती. थर उघड्यावरच वाळवायचा, असा नियम होता. नियम लिहिणाऱ्याला धूळ कुठे पुसावी लागते? सोमवारी खिडक्यांची झाडलोट चालली होती, म्हणून तिने ती काच गुपचूप काचेच्या वाटीखाली झाकली होती. सांगावं तर नोकरीवर गदा, न सांगावं तर खोलीच हातची जाणार.

“मॅडम, रागवा हवं तर,” शेवटी ती म्हणाली, “पण ती काच मी झाकून वाळवली होती.”

मॅडमनी सोमवारची काच पुन्हा उचलून पाहिली. “म्हणजे द्रावणाची वाफ आत कोंडली. थर सावकाश वाळला, खाचा नीट भरल्या,” त्या हळूच म्हणाल्या. “मावशी, अजून एक करा तशीच. आणि आज आत या.”

आत अंधार होता. मॅडमनी तिला जाड चष्मा दिला आणि उजेड निम्म्यावर आणला, मग त्याहून कमी केला. समोरच्या पांढऱ्या कागदावर हिरवीगार, सुईसारखी रेघ उमटली. मावशीच्या अंगावर काटा आला. एवढं तेज, आणि ते आपण धुतलेल्या काचेतून आलंय, हे तिच्या मनात मावेना.

“अजून थोडा वेळ बघू?” तिने विचारलं.

मॅडमनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली.