वजन बघा आणि ओरडून सांगा

डायलिसिसच्या खोलीत किस्से साठतात, त्याला कारण आहे. सिनेमा तीन तासांचा, आमचा खेळ चार तासांचा. तोही आठवड्यातून तीनदा, आणि मधेच उठून जायची सोय नाही! एका हातात दोन सुया, दुसरा हात रिकामा आणि तोंड पूर्ण मोकळं. माणूस बोलणार नाही तर काय करणार?

मी तिथला टेक्निशियन. मूळचा उमरीचा, कोर्स नांदेडला केला आणि नोकरीला लातूरला चिकटलो. अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं मला सवय झाली असेल. सुया टोचायची झालीय. पण एका माणसाचे सात महिने आठवले की मला अजून एका जागी बसवत नाही, मी बेडच्या मधून उगाच फेऱ्या मारत सुटतो. मग शेख चाचा ओरडतात, "बालाजीभाई, बैठो जरा! पेशंट हम है की तुम?"

तो माणूस म्हणजे अप्पा. पण आधी चाचांचं सांगतो, कारण अप्पांच्या बाबतीत जो घोळ झाला, तो चाचांमुळंच.

* * *

किडनी बंद पडली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं. म्हणून पेशंट आला की आधी काट्यावर. ठरवून दिलेल्या वजनापेक्षा जेवढं जास्त भरेल, तेवढं पाणी चार तासांत मशीननं काढायचं. साधा हिशोब आहे. दिवसाला चहा, वरण, ताक सगळं धरून एक लिटरच पोटात गेलं पाहिजे, त्यापुढं नाही.

शेख चाचांनी तीस वर्षं रिक्षा चालवली. लातूरच्या प्रत्येक चहावाल्याला ते नावानं ओळखतात. एकदा सकाळी बघतो तर बशीत टोस्टचा चुरा, त्यावर कपभर चहा ओतलेला आणि चाचा चमच्यानं मिटक्या मारताहेत. मी भडकलो.

"चाचा, चहा बंद सांगितलाय ना!"

"पीना बंद है ना? मै कहाँ पीतूँ? मै तो खातूँ!"

त्या दिवशी वजन मात्र कमी भरलं. मला शंका आली. बाहेर जाऊन बघितलं, तर चाचा काट्यावर उभे आणि एक हात खिडकीच्या गजाला लोंबकळलेला! अर्धे चाचा काट्यावर, अर्धे खिडकीवर.

आमच्याकडे पद्धत अशी होती : काटा दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये आणि मी आत एकटा पाच मशीन लावणारा. म्हणून पेशंटनी वजन बघायचं आणि ओरडून सांगायचं, मी आत लिहून घ्यायचो. त्या दिवसापासून चाचांचं वजन मी स्वतः बघायला लागलो. अजून दोघे-तिघे लबाड होते, त्यांचंही. अप्पांचं कधीच बघितलं नाही. अप्पांवर संशय घ्यायचा म्हणजे हद्द झाली!

* * *

अप्पा मुरुडचे. किराणा दुकान, भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. तंबाखू नाही, सुपारी नाही, आवाज कधी चढलेला नाही. पहाटे लिंगपूजा उरकून पहिल्या एसटीनं यायचे आणि आल्यावर आधी खोली झाडणाऱ्या मावशींना नमस्कार करायचे. पंख्याखालचा बेड त्यांना मिळाला होता, तो दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेजारच्या पेशंटला, गायकवाड सरांना दिला. "सरांना उकडतंय," म्हणाले.

आणि त्रास सगळा त्यांनाच!

चाचा चार किलो पाणी वाढवून यायचे आणि चार तास कव्वाली गुणगुणत पडायचे. अप्पा एक कप जास्त पीत नसत, आणि तिसऱ्या तासाला त्यांच्या पोटऱ्यांत असे गोळे यायचे की गादी मुठीत धरायचे. बीपी खाली, डोळ्यांपुढं अंधार. मी धावत जाऊन पाय चोळायचो, सलाईन सोडायचो. एखादा दिवस बरा जायचा, पुढचा पुन्हा तसाच. डॉक्टरांनी औषधं बदलली, मशीनची सेटिंग बदलली. काही पत्ता लागेना.

अप्पा डावा हात वर करून दाखवायचे. "याच तळव्यावर लिंग धरून चाळीस वर्षं पूजा केली, बालाजी. आन सुया बी याच हाताला. मी कुनाचं काय वाकडं केलं व्हतं?"

हे वाक्य सात महिने ऐकलं मी. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

* * *

त्यावर उत्तर द्यायला लोक टपलेलेच असतात. भेटायला येतात नारळपाणी घेऊन, जे आमच्या पेशंटला विषासारखं, आणि सोबत एकेक उत्तर! एक म्हणाला मागच्या जन्माचं असेल. दुसरा म्हणाला दुकानाचं तोंड दक्षिणेला आहे का? एका नातेवाइकानं तर अप्पांच्या उशाशी बसून, डोळे मिटून सांगितलं, "देव चांगल्या मानसाचीच परीक्षा घेतो."

शेजारच्या बेडवर गायकवाड सर पुस्तक वाचत होते. रिटायर्ड, गणिताचे. ज्या काळात त्यांना गावात खोली भाड्यानं मिळत नव्हती त्या काळात शिकून उभा राहिलेला माणूस. त्यांनी पुस्तक खाली ठेवलं.

"पाहुणे, मी बत्तीस वर्षं परीक्षा घेतल्या. अभ्यास केलेल्या पोराला नापास करायचंच, असं ठरवून मी एक बी पेपर काढला न्हाई. तुमचा देव माझ्या शाळेत लागला असता, तर मी सस्पेंड करायला लावला असता!"

पाहुणे उठले. नारळपाणी विसरून गेले. चाचांनी त्याच्याकडे हात लांबवला, तेवढ्यात मी उचललं.

लोक म्हणतात दुःखानं माणूस घडतो. मी अकरा वर्षं बघतोय. घडलेले कमी आणि चिडलेले जास्त. सरांनाच एकदा विचारलं, "सर, एवढं सोसून तुम्ही घडलात ना?" सर म्हणाले, "सोसलं नसतं तर काय बिघडलो असतो का रे?"

* * *

एकदा आईशी उमरीला फोनवर बोलताना अप्पांचं सगळं सांगितलं. म्हटलं, आई, एवढा चांगला माणूस, आणि त्यालाच का असं?

आई म्हणाली, "मशीन नीट लावतूस ना रे?"

माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षांचा अनुभव आणि ही मला विचारते मशीन नीट लावतोस का! "तुला काही कळत नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

* * *

मग तो शुक्रवार आला. तिसऱ्या तासाला अप्पांच्या दोन्ही पायांत एकदम गोळे आले. मी एक पाय धरला, मावशींनी दुसरा. आणि अप्पा ओरडले. ज्यांचा आवाज आम्ही कधी चढलेला ऐकला नव्हता, त्यांनी महादेवाला आईवरून शिवी दिली.

चाचांची कव्वाली बंद पडली.

अप्पा तासभर छताकडे बघत पडून राहिले. जाताना मावशींना नमस्कार केला, मला केला, चाचांना, सरांना केला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सोमवारी अप्पांचा बेड रिकामा. फोन केला तर त्यांच्या बायकोनं, काकूंनी उचलला. "ते न्हाई म्हनून राहिले. म्हनतात, महादेवालाच मी नको असंल तर मशीनीत कशाला घालून घेऊ?"

डायलिसिस बंद केलेल्या माणसाकडे किती दिवस असतात, ते मला माहीत आहे. सोमवारी रात्री मला झोप लागली नाही. मंगळवारी सकाळची शिफ्ट संपली तशी गाडीला किक मारली आणि मुरुड गाठलं.

* * *

अप्पा गल्ल्यावर बसलेले. पाय सुजून उशीसारखे, दोन शब्द बोलले की धाप. तरी समोर गिऱ्हाईक होतं आणि अप्पा तूरडाळ जोखत होते. मी पायरीवर उभा राहून बघत होतो, मनात भाषण जुळवत होतो.

काटा बरोबर झाला. अप्पांनी वर एक मूठ डाळ टाकली आणि मग पुडी बांधली. पुढच्या बाईला साखर. काटा बरोबर, वर एक मूठ.

"अप्पा, काटा तर बरोबर झाला होता," मी सहज म्हटलं.

"आपल्या घरात वडलांपासून हाय ते. काट्यावर यील त्येच्यावर थोडं घालून पुरं करावं. अर्धंमुर्धं कुनाला सांगू नये, देऊ नये."

मी पायरी चढून गल्ल्याशी गेलो.

"अप्पा... शुक्रवारी आमच्या काट्यावर किती भरलं होतं तुमचं?"

"बासष्ट आन वर दोनशे."

"मला किती सांगितलं?"

"त्रेसष्ट."

"आणि मशीनवरून उतरल्यावर?"

"एकुनसाठ दोनशे. तुला साठ सांगितलं. तुमी लोक एवढं फुकट करून राहिले, तितं मी माप कमी कसं सांगू, बालाजी?"

मी साखरेच्या पोत्यावर बसलो. सात महिने! अप्पांचं ठरवून दिलेलं वजन साठ, म्हणून शुक्रवारी मी त्रेसष्टातून साठ वजा करून तीन लिटर काढले होते. ज्या दिवशी वजन बासष्ट नऊशे भरायचं, तो दिवस बरा जायचा. ज्या दिवशी बासष्ट शंभर, त्या दिवशी मी जवळजवळ लिटरभर पाणी जास्तीचं ओढून काढायचो. अंगात नसलेलं पाणी! गोळे येतील नाही तर काय? लबाडांचं वजन मी डोळ्यांत तेल घालून बघितलं, आणि सगळ्यांत चांगल्या माणसाचं एकदाही नाही. आधी हसू आलं, मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. आईचा फोन आठवला.

मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे, म्हटलं. अप्पांनी हातातली पुडी खाली ठेवली.

"मंजी ते गोळे महादेवानं न्हाई आनले?"

"नाही अप्पा. तुम्ही आणि मी मिळून आणले."

"आन किडनी? ती कामून गेली?"

मला तिथं काहीतरी बोलता आलं असतं. पाहुण्यांसारखं. म्हटलं, "ते मला माहीत नाही, अप्पा. डॉक्टरांनाही नाही."

तेवढ्यात आतून काकू आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पदर खोचून त्या अप्पांपुढं उभ्या राहिल्या.

"आता उठता का? का दुखन्यावर बी आजून एक मूठ घालायची ऱ्हायलीय?"

अप्पा उठले.

* * *

त्याच दुपारी जीप करून आणलं त्यांना. काट्यावर उभे राहिले. मी शेजारीच होतो, चाचाही आपली पाळी नसताना बघायला आले होते. काटा दाखवत होता पासष्ट तीनशे.

"सांगा अप्पा."

अप्पांच्या तोंडून तो आकडा निघेना. शेवटी डोळे मिटून म्हणाले, "पासष्ट... तीनशे." आणि हळूच, "लई कमीपना वाटतो रे."

"मेरे में से लेलो," चाचा म्हणाले. "मेरे कने एक किलो हमेशा ज्यादा रहता!"

पाणी बरंच होतं, म्हणून दोन दिवस लागोपाठ मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी तिसरा तास आला. मी पायांशी उभा, हात तयार ठेवून. गोळा आला नाही. वाकून बघितलं तर अप्पा घोरत होते. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी पॅसेजमध्ये गेलो, आईला फोन लावला आणि नुसताच रडलो.

* * *

आता कुणीही वजन ओरडून सांगितलं, तरी मी बाहेर येऊन बघतो. अप्पा येतात. महादेवाशी त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालंय म्हणतात, पण पूर्वीसारखं नाही. जरा तोडून.

परवा एक नवीन पेशंट आल्या. औशाकडच्या अंगणवाडीताई, वय पस्तीसच्या आत. पहिली सुई टोचली तोवर गप्प होत्या. दुसरी टोचली आणि त्या एकदम रडायला लागल्या. "मी कुनाचं काय वाकडं केलं व्हतं?"

सरांनी पुस्तक मिटलं. चाचा छताकडे बघू लागले. आणि मग आम्ही सगळ्यांनीच अप्पांच्या बेडकडे मान वळवली.

अप्पा मोकळ्या हातावर जोर देऊन थोडे वर सरकले.

"ताई, काट्यावर किती आलं तुमचं?"

ताई रडता रडता थांबल्या. "बावन्न पॉइंट चार."

"आन बालाजीला किती सांगितलं?"

"बावन्न पॉइंट चार. तेवढंच."

"मग निम्मं दुखनं तर गेलंच बगा तुमचं."

ताईंनी डोळे पुसले. "आन राहिलेलं?"

"ते इचारायलाच तर येतो आमी," अप्पा म्हणाले. "सोमवार, बुधवार, शुक्रवार."