पुसायचा अधिकार

घाटनांदूरच्या बाजूला आमचं गाव. गावाची माहिती गावानंच लिहावी म्हणून मी इंटरनेटवर एक विकी उभी केली. कुणीही पान लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. पान पुसायचा अधिकार तेवढा मोजक्यांना, असं ठरवलं होतं. पण आमच्याकडं मोजके म्हणजे किती? सरपंचांना दिला तर माजी सरपंच रुसणार, त्यांना दिला तर सोसायटीचे चेअरमन. सत्काराला शाल-नारळ द्यावा तसा मी तो वाटत सुटलो. अकरा जण झाले, त्यात माझे वडीलही. वर, कुणी काय पुसलं याची नोंदच ठेवली नाही. थोरामोठ्यांना उगं कशाला अडचणीत आणायचं, हा माझा शहाणपणा!

सगळ्यात मन लावून लिहायच्या त्या मला शाळेत शिकवलेल्या बाई, बौद्धवाड्यातल्या, आता निवृत्त. त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते. ते सांगत गेले, बाई मोबाईलवर थेट विकीतच लिहीत गेल्या. जुन्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन किती वेळ ताटकळायचं, पाणी कोण वाढायचं, कोण हाकलायचं, सगळं नावानिशी. विहीर आमच्या भावकीची.

थोड्या दिवसांनी ते वारले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाचून दाखवावं म्हणून बाईंनी पान उघडलं, तर पानच नाही. मला फोन आला.

"अरे, दादांचं पान दिसत न्हाई. तेवढं काढून दे की."

बॅकअप मी महिन्यातून एकदा घ्यायचो. शेवटचा पाहिला, तो पान लिहायच्या आधीचा निघाला.

"कुनी पुसलं?"

"माहीत नाही, बाई."

"आता परत सांगायला कोन हाय रे?"

लई लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी अकराही जणांचा अधिकार काढला. आता पान फक्त झाकता येतं, तेही स्वतःचं नाव आणि कारण लिहून, आणि पुन्हा उघडता येतं. मोठी बोंबाबोंब होईल म्हणून मी तयारीत होतो. एकाचाही फोन आला नाही. बटण गेलंय हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. त्यांना मान हवा होता, तो कधीच मिळाला होता.

आठवड्यानं जेवताना माझे वडील म्हणाले, "ते पुसायचं बटन कशाला काढलंस रे?"

मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो.

बाईंनी आठवेल तेवढं परत लिहिलंय, निम्मंसुद्धा नाही. भेटल्या की अजून विचारतात, कुनी पुसलं असंल रे? मी अजून माहीत नाही म्हणतो.