विहिरीची पाहणी

खुर्चीत बसण्याआधी बाई पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवत. मग पदराने बाटलीचं बूड पुसत, माझ्या कागदांवर ओल येऊ नये म्हणून.

“पाहा. आज हिरवं.”

मंगळवारी हिरवं, शुक्रवारी जांभळं. मी म्हणायचो, “बाई, एकदा मोरपंखी आणा, बायकोला त्या रंगाची साडी हवी आहे.” त्या हसत नसत. शाळेत शिवण शिकवण्यात जन्म गेला होता, त्यामुळे रंगांची नावं मात्र अचूक सांगत.

कुंभकोणमला, तिरुनागेश्वरम्‌च्या रस्त्यावर त्या एकट्या राहत. मागच्या अंगणात विहीर आणि भिंतीपलीकडे रेशीम रंगवणाऱ्याची शेड. त्याने रंगाचं पाणी सोडायला कच्चा खड्डा खणला होता, तिथून ते विहिरीत झिरपत असे. आमची दोन्ही घराणी तंजावरी मराठी, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. ऑफिसात आमची भाषा, कोर्टाच्या पायरीवर पाय ठेवला की तमिळ.

मी विचारलं, “नुकसानभरपाई किती मागायची?”

“मज पैका नको. विहिरीचं पाणी चोखोट झालं पाहिजे.”

चोखोट म्हणजे स्वच्छ. हा शब्द त्या पाण्याला लावत, इस्त्रीला लावत, माझ्या अक्षरालाही लावत. तिथे फक्त पुढे ‘नाही’ जोडून.

तुम्ही वकील नसाल तर थोडक्यात सांगतो. शेजाऱ्याची घाण तुमच्या जागेत शिरून तुमचं जगणं बिघडलं, तर कायदा त्याला उपद्रव म्हणतो आणि कोर्ट तो थांबवू शकतं. फक्त घाण त्याचीच आहे, हे तुम्ही दाखवायचं. बाईंच्या बाटल्या त्यांनी स्वतःच भरलेल्या, साक्षीला कुणी नाही. म्हणून मी कोर्टाकडून पाहणीसाठी कमिशनर नेमून घेतला. तो विहीर बघणार, नमुना घेणार. सगळा दावा त्या एका दिवसावर होता.

मी बाईंना फोन केला. “कोर्टाचा माणूस गुरुवारी विहीर बघायला घरी येतोय.”

“येऊं द्या. मी सर्व पाहतें.”

गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा दारात मोठी रांगोळी होती. अंगण सारवलेलं, विहिरीचा कठडा चुन्याने रंगवलेला. बाईंनी दोन माणसं आणि मोटर लावून विहीर तळापर्यंत उपसून घेतली होती. भिंती घासल्या होत्या. तळातला रंगीत गाळ कचऱ्याच्या गाडीत गेला होता. नव्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती. पाहणीची तारीख शेजाऱ्यालाही कळली होती, त्याची शेड आठवडाभर बंद होती.

कमिशनरने वाकून पाहिलं. पाण्यात त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

“सरकारी माणूस घरी येतो, आणि विहीर घाण कशी दाखवूं?” बाई मला हळूच म्हणाल्या. चेहऱ्यावर केवढं समाधान होतं! मला काहीच वाटलं नाही. राग येईल म्हणून मी वाट पाहिली, पण तोही आला नाही.

दावा फेटाळला गेला. पायऱ्या उतरताना त्यांनी विचारलं, “चूक मजकडून झाली कि?”

“नाही बाई. पुरावाच कमी पडला.”

विहिरीला हात लावू नका, एवढंच मी फोनवर सांगायला हवं होतं. ते मी त्यांना त्या दिवशीही सांगितलं नाही. अपील करू म्हटलं, तर त्या नको म्हणाल्या. शेड पुन्हा सुरू झाली, विहीर पुन्हा रंगली, आणि त्या घरात त्याच पाण्याने भांडी घासत राहिल्या.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. भाच्याने घर विकलं, ते शेडवाल्यानेच घेतलं. परवा एका कामासाठी त्या बाजूला गेलो होतो. अंगणभर बांबूंवर लाल रेशमाच्या लडी वाळत होत्या आणि त्यांचं पाणी ओघळून विहिरीत पडत होतं. मी सवयीने दाव्याचा विचार केला. उपद्रव ठरायला तो कुणाला तरी व्हावा लागतो. त्या घरात आता कुणी राहत नाही.