तळमजल्यावरच्या सहा खाटा

तीस वर्षं प्रसूतिगृहात काढल्यावर सिस्टरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: बाळ कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे कोर्टाची चाल त्यांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं.

भानगड एका घराची. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी सगळी नोकरी केली, त्यांनी मरताना राहत्या घराचा ट्रस्ट केला. घरी बघायला कुणी नाही अशा बाळंतिणींनी तळमजल्यावर महिनाभर विसावा घ्यावा, एवढीच इच्छा. विश्वस्त दोघं, डॉक्टरांचा पुतण्या आणि सिस्टर. पुतण्या मोठा लाघवी, त्यांना मावशी म्हणायचा. कागदपत्रं त्याच्याकडे, खाटा यांच्याकडे.

एका सकाळी तळमजल्यावर लोखंडी वजनं येऊन पडली. पुतण्याने जागा आपल्या मेव्हण्याला व्यायामशाळेसाठी दिली होती. सहाही खाटा वर गेल्या. पोटावर टाके पडलेल्या बायका बावीस पायऱ्या चढू लागल्या, आणि खाली वजन आपटलं की जेमतेम निजलेलं बाळ दचकून रडायचं. सिस्टरांनी आधी गोडीने सांगून पाहिलं. मेव्हणा भाडं बाजारापेक्षा जास्तच देतोय, यात ट्रस्टचंच भलं आहे, असं म्हणून पुतण्या हसला.

खालच्या कोर्टालाही ते भाडं पटलं. सिस्टर हायकोर्टात गेल्या आणि तारखांच्या चरकात सापडल्या. कधी समोरचे वकील आजारी, कधी नोटीस परत आलेली, कधी नंबरच लागायचा नाही. सकाळी डबा घेऊन जायचं, बाकावर पाठ आंबवायची आणि हात हलवत परतायचं. काय झालं, असं धाकटी बहीण विचारायची. पहिली दोन वर्षं सिस्टरांनी उत्तरं दिली. पुढे त्या नुसत्या चपला कोपऱ्यात भिरकावायच्या, तेवढ्यावरून तिला कळायचं.

पाचव्या वर्षी एकदाची सुनावणी झाली. पुतण्याच्या वकिलांनी पुन्हा भाड्याचं पुराण लावलं, तेव्हा न्यायमूर्ती बाईंनी त्यांना थांबवलं. भाडं किती, हा प्रश्नच नाही, त्या म्हणाल्या. विश्वस्ताने ट्रस्टची जागा आपल्याच माणसाला दिली, की देणारा तोच आणि घेणाराही तोच. त्यात फायदा झाला तरी ते चालत नाही. आणि घर बाळंतिणींसाठी ठेवलंय, भाड्यासाठी नाही.

एवढं साधं बोलायला पाच वर्षं लागली, या विचाराने सिस्टरांचं डोकं फिरलं. तेवढ्यात न्यायमूर्तींनी जागा व्यायामशाळेला देण्याचा ट्रस्टचा ठराव फाइलमधून वर धरला.

"यावर दुसरी सही कुणाची?"

सिस्टरांच्या वकीलबाई चुळबुळल्या. सिस्टर आपणच उठल्या. "माझी."

"वाचून केली होती?"

"नाही. एका बाळाला ताप होता. डॉक्टरांच्या पुतण्याने कागद पुढे केला, मी सही केली."

"बाळाकडे पाहिलंत, चांगलं केलंत. पण कागदाकडे पाहणंही तुमचंच काम होतं. नुसता विश्वास टाकायला तुम्हाला विश्वस्त केलं नव्हतं."

सिस्टरांची कानशिलं तापली. खोटं असतं तर त्या भांडल्या असत्या.

निकालात व्यायामशाळेचा करार रद्द झाला, पुतण्याला काढलं, दोन नवे विश्वस्त नेमले. सिस्टरांना ठेवलं, पण दर सहा महिन्यांनी कोर्टात अहवाल द्यायच्या अटीवर. जिंकलो की हरलो, हे त्यांना बहिणीला धड सांगता येईना.

खाटा खाली आल्या. मेव्हण्याने वजनं नेली, पण भिंतींना चिकटवलेले मोठाले आरसे तसेच सोडले. डोळे उघडले की आपलंच सुजलेलं तोंड दिसतं, अशी बाळंतिणींची तक्रार. आरसे काढायचे तर भिंत फुटणार, त्याला तिघा विश्वस्तांचा ठराव हवा आणि बैठक पुढच्या महिन्यात. सिस्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी बहिणीला बोलावलं, आणि दोघींनी मिळून दुपारभर आरशांवर जुन्या चादरी टांगल्या.

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पोरीने मात्र आपल्यापुरती चादर बाजूला सारायला लावली. बाळ खांद्यावर टाकलं की त्याचं तोंड तिला आरशातच दिसायचं.