लॅब बंद, ऑफिस चालू

आमच्या कॉलेजात संगणकाची लॅब आणि ऑफिस एकाच स्विचवर, म्हणजे संगणकांच्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या एकाच डब्यावर होतं. मधल्या खोलीत जाळीच्या कपाटात तो स्विच. तिथून एक वायर लॅबमधल्या टेबलाखालच्या छोट्या स्विचला जायची, बाकीच्या वायरी ऑफिसात. लॅब भरली की ऑफिसची छपाई रखडायची आणि तिथले क्लार्क, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, दारात येऊन उभे राहायचे.

"सर, तुमची लेकरं उठली का? आमाला बोनाफाईड काढायचेत."

आम्हाला नेटवर्क शिकवणाऱ्या सरांनी याचं कारण वर्गात सांगितलं तेव्हा मला ते लगेच कळलं, कारण आमच्या फाट्यावर तसंच चालतं. ताडकळसकडून आलेल्या बसमधून कुणी उतरलं आणि गावात नव्यानं राहायला आलेल्या मास्तरांचं घर विचारलं, तर हॉटेलवाला जागेवरूनच सगळ्यांना ओरडून विचारतो, "मास्तराचं घर विचारायलेत, कुणीकडं हाय?" ऐकतात सगळे, सांगतो एकच जण. पुढच्या वेळी हॉटेलवाल्याला घर माहीत झालेलं असतं, मग तो नुसतं बोट दाखवतो. स्विच तेच करतो. पत्ता माहीत नसला की आलेला निरोप सगळ्या वायरींवर सोडतो. काही निरोप तर मुळातच सगळ्यांसाठी असतात. लॅबचा हा गलका ऑफिसच्या संगणकांनाही ऐकावा लागत होता. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचमध्ये दोन मोहल्ले पाडायचे. एकातली ओरड दुसऱ्यात जात नाही.

हे काम सरांनी मला दिलं. का दिलं ते मला अजून नीट सांगता येणार नाही. मी वर्गात हात वर करत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रत्येक प्रश्न मनात आला की वाटतं, हे बाकीच्या सगळ्यांना आधीच माहीत असेल.

सर म्हणाले, "शनिवारी करू. सोमवारी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल आहे. ते नीट पार पडलं तर हेच ठेवू, ग्रंथालयाचंही तूच कर. नाहीतर सगळं पुन्हा एकत्र करून टाकू."

शनिवारी लॅबची वायर एका व्हीलॅनमध्ये टाकली, ऑफिसच्या दुसऱ्यात. भाऊसाहेब माझ्यामागं उभेच होते. "पोरी, आमचा पगार अडकवू नको बरं का." काम झालं, आणि लॅबच्या संगणकावर ठेवलेलं हजेरीचं पान ऑफिसातून उघडेना.

"सर, बिघडलं."

सर हसले. "अगं, तूच वेगळं केलंस ना? आता मधे राउटर लागेल."

राउटरला दोन्हीकडे एकेक पत्ता दिला आणि संगणकांना सांगून ठेवलं की पलीकडचं काही हवं असेल तर याच्याकडे द्या. पान उघडलं. ज्यावर पलीकडचा पत्ता आहे तेवढाच निरोप राउटर पलीकडे पोचवतो, सगळा गलका नेत नाही. घरी आल्यावर वडिलांना एवढंच सांगितलं, की कॉलेजातलं एक काम मी केलं. मेंढरं वाड्यात घालताना ते शेजाऱ्याला म्हणाले, "आमच्या पोरीनं कालेजात मशीन बसवली." मी दुरुस्त केलं नाही. मला लय बरं वाटलं होतं.

सोमवारी प्रॅक्टिकल सुरू झालं आणि थोड्याच वेळात लॅबमधले सगळे संगणक अडकले. माझ्यासोबत मदतीला आलेली मैत्रीण मागून म्हणाली, "बाई, काय केलंस गं शनिवारी?" पोरं हसली. सर आणि मी मधल्या खोलीत गेलो, तर कपाटातल्या स्विचवर लॅबच्या वायरीचा दिवा थांबायचं नाव घेत नव्हता.

सरांनी घड्याळ पाहिलं. "काढून टाक तुझं व्हीलॅन. आधी परीक्षा होऊ दे."

मी तिथल्या संगणकासमोर बसले. पुसायला एक मिनिटही लागलं नसतं. पण ऑफिसच्या वायरींचे दिवे शांतपणे लुकलुकत होते. मी म्हणाले, "सर, ऑफिसात बघून येऊ का?" आवाज इतका हळू आला की मला पुन्हा म्हणावं लागलं.

ऑफिसात प्रिंटर चालू होता. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमचं चालू हाय की. का, बंद पडायला पाहिजे व्हतं का?"

मी पळत परत आले. "सर, गलका लॅबमध्येच आहे. व्हीलॅननं तो अडवलाय. आत्ता काढलं तर ऑफिसही बंद पडेल. टेबलाखाली बघायला पाहिजे."

सर लॅबमध्ये गेले आणि स्वतःच टेबलाखाली वाकले. छोट्या स्विचमध्ये एका वायरीची दोन्ही टोकं खोचलेली होती, त्यामुळे निरोप गोल गोल फिरत वाढत चालले होते. सरांनी एक टोक उपटलं. दिवे निवांत झाले, एकेक पडदा हलू लागला.

"ही कुणी लावली?"

पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. "मी, सर. नुसतीच लोंबायली व्हती, पायात यायली. जागा रिकामी दिसली, म्हणून बसवून टाकली."

सगळी लॅब हसली, तीही हसली. सरांनी तिला बसवलं आणि मला म्हणाले, "राहू दे तुझं. ग्रंथालयाची चावी उद्या ऑफिसातून घे."

दुसऱ्या दिवशी चावी मागायला गेले, तर भाऊसाहेबांनी ती आधीच काढून टेबलावर ठेवली होती.